दहा हजार डॉलर आणि तीन पानं

कॅथरिन वॉसरमन डेव्हिस यांनी २००७च्या फेब्रुवारीत शंभरी गाठली. अमेरिकेतल्या या बाईंनी त्या निमित्ताने दहा लाख डॉलर बाजूला काढले आणि त्यांचे शंभर सारखे वाटे केले. एक वाटा दहा हजार डॉलरचा, म्हणजे त्या वेळच्या दराने चार लाख रुपयांच्या आसपास. हे पैसे पदवीचं शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना मिळायचे होते. त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत जगात कुठेही जावं, माणसामाणसांतली तेढ किंवा तिच्या मुळाशी असलेली एखादी अडचण कमी होईल असं काम स्वतः आखावं आणि स्वतःच तडीस न्यावं, एवढीच अपेक्षा होती. या उपक्रमाचं नाव ‘प्रोजेक्ट्स फॉर पीस’. पुढच्या वर्षी बाईंनी पुन्हा तेवढेच पैसे दिले, त्याच्या पुढच्या वर्षीही दिले. २०१३ साली, वयाच्या १०६व्या वर्षी त्या गेल्या. उपक्रम त्यांच्या कुटुंबाने चालू ठेवला. व्हर्मॉंट राज्यातलं मिडलबरी कॉलेज त्याचा कारभार पाहतं.

शंभर वर्षांच्या बाईंना विशीतल्या पोरांवर एवढा भरवसा का वाटला असेल, याचा अंदाज त्यांच्या स्वतःच्या तरुणपणावरून येतो. १९२९ साली, बाविसाव्या वर्षी, त्या घोड्यावर बसून कॉकेशसच्या डोंगरांतून फिरल्या होत्या. १९३४मध्ये त्यांनी जिनिव्हा विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. त्यांचे पती शेल्बी कलम डेव्हिस यांनी विमा कंपन्यांच्या शेअर्समधून मोठी संपत्ती उभी केली आणि पुढे ते स्वित्झर्लंडमध्ये अमेरिकेचे राजदूत होते. पैसा होता, जग पाहिलेलं होतं, आणि तरुण वयात कुणी मोकळं सोडलं तर माणूस काय काय करू शकतो याचा अनुभवही होता.

या उपक्रमाची अर्जाची पद्धत मुद्दाम पाहण्यासारखी आहे. विद्यार्थ्याने दोन पानांत योजना लिहायची आणि एका पानात अंदाजपत्रक मांडायचं. कॉलेजं आपापल्या विद्यार्थ्यांतून निवड करून नावं पुढे पाठवतात. काम संपल्यावर अहवालही तेवढाच: दोन पानं हकिगत, एक पान हिशेब. ज्यांनी आपल्याकडच्या एखाद्या योजनेसाठी प्रस्ताव तयार केला आहे, तो पाच प्रतींत, परिशिष्टांसह आणि प्रत्येक पानावर सही-शिक्क्यानिशी सादर केला आहे, त्यांना हे फारच थोडं वाटेल. पण दोन पानांत लिहिणं सोपं नाही. वीस पानांत गोलमोल बोलायला भरपूर जागा असते. दोन पानांत काम कुठे, कुणासाठी, कुणाबरोबर आणि का, एवढंच मावतं. त्यातलं एखादं उत्तर अर्जदाराकडे नसेल तर ते लपवता येत नाही.

या उपक्रमाचा महाराष्ट्राशी एक धागा आहे. कॅथरिनबाईंचे चिरंजीव शेल्बी एम. सी. डेव्हिस यांनी २००० साली ‘युनायटेड वर्ल्ड कॉलेज’मधून शिकून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी अमेरिकेतल्या पदवी शिक्षणाची मोठी शिष्यवृत्ती सुरू केली. सुरुवातीला प्रिन्स्टन, वेलस्ली, मिडलबरी, कोल्बी आणि कॉलेज ऑफ द अटलांटिक अशा पाच संस्था तिच्यात होत्या. नंतर ही यादी बरीच वाढली. ‘युनायटेड वर्ल्ड कॉलेज’च्या जगभरच्या शाखांपैकी एक पुण्याजवळ, मुळशी तालुक्यात पौडच्या पुढे डोंगरावर १९९७पासून चालते. तिथे अकरावी-बारावीच्या तोडीचं शिक्षण घेऊन अमेरिकेतल्या सहभागी कॉलेजात गेलेली मुलगी ‘प्रोजेक्ट्स फॉर पीस’साठी अर्ज करू शकते आणि तो पैसा घेऊन ओळखीच्याच तालुक्यात कामाला येऊ शकते.

समजा, अशी एक मुलगी मुळशीतल्या जिल्हा परिषदेच्या तीन शाळांत विज्ञानाचे प्रयोग सुरू करायचं ठरवते. पहिल्या मसुद्यात ती लिहील: ‘ग्रामीण शिक्षणाचा दर्जा उंचावणे’. असं वाक्य कुठल्याही अर्जात शोभतं आणि कुठल्याच अर्जाला पुढे नेत नाही. जाणकार मार्गदर्शक तिला ते खोडायला लावेल. मग उरेल ते असं: पाचवी ते सातवीची मुलं, आठवड्यातून दोन दिवस, आठ आठवडे, प्रत्येक मुलाने स्वतःच्या हाताने प्रयोग करायचे. आता अंदाजपत्रकाचं पान भरायला हवं. भिंगं, लोहचुंबक, बॅटरी, तारा, परीक्षानळ्या. गावात राहण्या-जेवणाचा खर्च. एका गावाहून दुसऱ्या गावी जायला गाडीभाडं. शिक्षकांच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाचा चहा-नाश्ता. शिवाय प्रत्येक शाळेला एक लोखंडी कपाट.

खरा प्रश्न या कपाटाशी येतो. मुलगी ऑगस्टमध्ये परत गेली की किल्ली कुणाकडे राहणार? मुख्याध्यापकांकडे असेल, तर साहित्य फुटल्याची भरपाई त्यांच्याकडून मागितली जाईल का? तशी भीती असेल तर कपाट उघडणारच नाही, आणि पुढच्या तपासणीपर्यंत भिंगं खोक्यात जशीच्या तशी राहतील. म्हणून फुटतूट गृहीत धरून थोडी रक्कम वेगळी ठेवावी लागते, मुख्याध्यापकांशी तसं आधी बोलावं लागतं, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडावा लागतो. हे बोलणं अर्ज करण्यापूर्वी झालं असेल तर त्याची खूण अंदाजपत्रकात दिसतेच.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. अमेरिकेतली उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे मुळशीतला भर पावसाळा. जून-जुलैमध्ये तिथे भातलावणी असते. घरातली सगळी मोठी माणसं चिखलात, गुडघाभर पाण्यात. त्या दिवसांत पालकांची सभा ठेवली तर कुणी येणार नाही, आणि अहवालात ‘पालकांचा प्रतिसाद कमी’ अशी नोंद होईल. पालकांच्या मनात उत्साह नाही असा तिचा अर्थ लावणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. पैसे देणाऱ्याचं कॅलेंडर आणि गावाचं कॅलेंडर यांची सांगड घालायची जबाबदारी विद्यार्थ्यावर येते. ती निभावता आली तर त्याचं अर्धं शिक्षण तिथेच होतं.

अशा छोट्या, विश्वासाने दिलेल्या पैशातून कधीकधी मोठं काम उभं राहतं. स्टॅनफर्ड विद्यापीठात २००७ साली चार विद्यार्थ्यांना एका अभ्यासक्रमात काम मिळालं: अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणारं यंत्र नेहमीच्या इन्क्युबेटरच्या एक टक्का किमतीत तयार करा. त्यांनी प्रयोगशाळेत बसून स्वस्त इन्क्युबेटर बनवायला घेतला असता, तर गोष्ट तिथेच संपली असती. पण त्यांच्यातला एक जण नेपाळला जाऊन आला. शहरातल्या रुग्णालयात देणगीतून आलेले इन्क्युबेटर रिकामे पडून होते, कारण बाळं जन्मत होती दूरच्या खेड्यांत, घरी, आणि तिथून इन्क्युबेटरपर्यंत पोचेपर्यंत वेळ निघून जात होती. म्हणजे यंत्र न्यायला हवं होतं घरापर्यंत. मग त्यांनी बाळासाठी झोपायची छोटी उबदार पिशवी तयार केली. तिच्यात मेणासारख्या पदार्थाचं पाकीट असतं. ते एकदा तापवलं की काही तास बाळाच्या शरीराला हवं तेवढं, ३७ अंशांच्या आसपासचं तापमान टिकवून धरतं. ‘एम्ब्रेस’ हे तिचं नाव.

यातला एक प्रसंग महाराष्ट्रातला आहे. नमुन्याच्या पिशवीवर तापमानाचा आकडा दिसायचा. इथल्या एका आईने चाचणीच्या वेळी सांगितलं की, डॉक्टरांची औषधं फार कडक असतात, म्हणून एक चमचा द्या म्हटलं तर आम्ही बाळाला अर्धाच देतो. मग पिशवी ३७ अंशांपर्यंत तापवा म्हटलं तर काय कराल? थोडी कमीच तापवू, तीसच्या आसपास, म्हणजे बाळाला त्रास नको. बाळावरच्या मायेपोटीच ती तसं करणार होती, आणि त्याने बाळाला धोका झाला असता. विद्यार्थ्यांनी आकडा काढून टाकला आणि पिशवी पुरेशी तापली आहे की नाही एवढंच सांगणारी खूण ठेवली. ही सुधारणा स्टॅनफर्डच्या वर्गात कुणाला सुचली नसती. तिथून निघून या आईसमोर जाऊन बसण्यासाठी प्रवासखर्च लागतो, राहण्याचा खर्च लागतो, आणि त्यातून काही निष्पन्न होईल याची हमी नसताना तो देणारं कुणीतरी लागतं. त्या चौघांना तसा आधार फेलोशिपमधून आणि स्पर्धांच्या बक्षिसांतून मिळाला. पुढे त्यांनी आपलं बस्तान थेट बंगळुरूला हलवलं.

आणखी एक जोडी इथे आठवावी लागेल. १९८९ साली प्रिन्स्टनमध्ये वेंडी कोप या विद्यार्थिनीने पदवीच्या प्रबंधात एक कल्पना मांडली: चांगल्या विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांनी दोन वर्षं गरीब वस्त्यांतल्या शाळांत शिकवावं. मोबिल या तेल कंपनीने तिला सुरुवातीला २६ हजार डॉलर दिले आणि त्यातून ‘टीच फॉर अमेरिका’ सुरू झालं. त्याच वर्षी मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात शिकणाऱ्या शाहीन मिस्त्री कफ परेडजवळच्या आंबेडकर नगर झोपडपट्टीत मुलांना शिकवू लागल्या. त्यांना पैशापेक्षा जागा हवी होती. अनेक शाळांनी नकार दिल्यावर कुलाब्याच्या होली नेम शाळेने वर्ग वापरू दिला. पंधरा मुलं आणि कॉलेजमधले स्वयंसेवक मित्र, एवढ्यावर ‘आकांक्षा’चं पहिलं केंद्र चालू झालं. ती रिकामी वर्गखोलीसुद्धा एक अनुदानच होतं. पुढे मिस्त्री आणि कोप यांची गाठ पडली, आणि २००९ साली मुंबई-पुण्याच्या शाळांमध्ये ‘टीच फॉर इंडिया’च्या पहिल्या तुकडीने शिकवायला सुरुवात केली.

मग आपल्या कॉलेजांत काय स्थिती आहे? विद्यार्थ्यांची आणि इच्छेची इथे कधीच वानवा नव्हती. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतल्या ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. सोमनाथला बाबा आमटे यांची श्रमसंस्कार छावणी साठच्या दशकाच्या अखेरीपासून भरत आली आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी २००६ साली सुरू केलेल्या ‘निर्माण’मधून दरवर्षी तरुण गडचिरोलीला जातात; ‘कर के देखो’ या त्यांच्या फेलोशिपमुळे ज्यांना सामाजिक कामात एक वर्ष घालवून पाहायचं आहे, त्यांना त्या काळात घरच्यांकडे हात पसरावा लागत नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेचा हिशेब मात्र मांडून पाहावा. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करायचं आणि सात दिवसांचं निवासी शिबिर करायचं. बरीच वर्षं या योजनेचा दर असा होता: नियमित कामासाठी एका विद्यार्थ्यामागे वर्षाला २५० रुपये आणि शिबिरासाठी ४५० रुपये. साडेचारशेला सातने भागलं तर दिवसाला चौसष्ट रुपये पडतात. त्यात चहा, नाश्ता, दोन वेळचं जेवण, गावापर्यंतचं गाडीभाडं, कुदळ-फावडी आणि समारोपाला येणाऱ्या पाहुण्यांचा नारळ-शाल. उरलेला खर्च गावकरी, कॉलेज आणि कार्यक्रम अधिकारी मिळून भागवत आले. कित्येक प्राध्यापकांनी स्वतःच्या खिशातून भर घातली आणि त्याची वाच्यताही केली नाही. त्यांचे उपकार मोठे आहेत.

तरीही या सगळ्या पैशावर विद्यार्थ्याचा अधिकार नसतो. गाव कॉलेज ठरवतं, विषय वरून येतो, खर्च प्राध्यापक करतात, व्हाउचर कार्यालय जोडतं. विद्यार्थी बांध घालतो, रस्ता झाडतो, पथनाट्य करतो. श्रमदानाची किंमत आहेच. पण गावात जाऊन प्रश्न ओळखणं, कुणाला विचारायचं हे ठरवणं, पैसे कमी पडले तर काय सोडायचं याचा निर्णय घेणं आणि शेवटी हिशेब लोकांसमोर ठेवणं, हे शिक्षण त्याला मिळत नाही. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा मतदान करू शकतो, बँकेतून शैक्षणिक कर्ज काढू शकतो. पंचवीस हजारांच्या कामाचा हिशेब त्याच्यावर सोपवायला आपण कचरतो. ही संकोचाची सवय बदलायला हवी.

बाहेरून पैसा आणणं तर त्याहून अवघड. परदेशी देणगी घ्यायची तर विदेशी योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी संस्था साधारण तीन वर्षं चालू असावी लागते आणि त्या काळात तिने आपल्या मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. २०२०च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम आधी नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते, आणि ती एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. कंपन्यांच्या सामाजिक निधीचंही तसंच. २०१३च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करणं बंधनकारक केलं. पण १ एप्रिल २०२१पासून ही रक्कम घेऊन काम करणाऱ्या संस्थेला वेगळी नोंदणी करावी लागते. हॉस्टेलच्या खोलीत बसून पाच मित्रांनी आखलेल्या कामाला या दारांतून प्रवेश नाही. त्यांना नोंदणीकृत संस्थेचा आश्रय घ्यावाच लागतो, आणि बहुतेकांच्या बाबतीत अशी सगळ्यांत जवळची संस्था म्हणजे त्यांचं कॉलेज चालवणारी शिक्षणसंस्था.

युरोपीय संघाने यावर एक तोड काढली आहे. ‘युरोपियन सॉलिडॅरिटी कोर’ या योजनेत १८ ते ३० वयाच्या किमान पाच तरुणांचा गट, स्वतःची नोंदणीकृत संस्था नसतानाही, आपल्या परिसरातल्या एखाद्या प्रश्नावर दोन ते बारा महिन्यांचं काम आखून अनुदान मागू शकतो. दरमहा ठरावीक रक्कम मिळते. त्यातली सगळ्यांत घेण्यासारखी सोय म्हणजे मार्गदर्शक: गटाला हवा असेल तर कामाच्या काळात मदत करणाऱ्या अनुभवी माणसाचा खर्च वेगळा दिला जातो. नुसते पैसे देऊन पोरांना वाऱ्यावर सोडलं जात नाही, आणि मार्गदर्शकाच्या हाती लगामही दिला जात नाही.

परदेशी उपक्रमांच्या उणिवाही पाहायला हव्यात. सुट्टीपुरतं येणाऱ्या विद्यार्थ्याच्या अनुदानाचा मोठा भाग विमानाच्या तिकिटात जाऊ शकतो. आठ-दहा आठवड्यांत गावाची ओळखसुद्धा नीट होत नाही. वाचनालय उघडलं, रंग दिला, फोटो काढले, आणि पुढच्या वर्षी त्या खोलीत खतांची पोती, असं घडायला वेळ लागत नाही. कारण वाचनालय चालवणाऱ्या बाईंचं मानधन कुणाच्याच अंदाजपत्रकात नसतं. या बाबतीत तालुक्याच्या कॉलेजातला विद्यार्थी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यापेक्षा कितीतरी पुढे आहे. तो त्याच बोलीत बोलतो, त्याच एसटीने येतो-जातो, परीक्षा झाली तरी त्याच परिसरात असतो. सरपंचांना, अंगणवाडीताईंना, आशाताईंना तो ओळखतो. त्याच्याकडे नाही तो फक्त त्याच्या सहीने चालणारा थोडासा पैसा.

आता तर याची निकड वाढली आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग यांना श्रेयांक आहेत. म्हणजे लाखो विद्यार्थी गावात, वस्तीत कामासाठी जाणार. हातात काहीच नसेल तर यातली बरीच कामं सर्वेक्षणाच्या फॉर्मपुरती राहतील. त्याच त्या घरांचे दरवाजे दरवर्षी ठोठावले जातील आणि त्याच त्या बाया पुन्हा पुन्हा उत्तरं देतील. ज्यांनी आपला वेळ दिला त्यांच्या पदरात काहीतरी पडायला हवं.

त्यासाठी दहा लाख डॉलर लागत नाहीत. एखाद्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाने वर्षाला एक लाख रुपये बाजूला ठेवले तर प्रत्येकी २५ हजारांची चार कामं उभी राहतात. अर्ज तीन पानांचा ठेवावा. निवड करताना ज्या गावात वा वस्तीत काम होणार आहे तिथला एक माणूस समितीत बसवावा. पैसे कॉलेजच्या खात्यातून जावेत, पण खर्चाचा निर्णय गटाचा असावा आणि पावत्याही त्यांनीच जमवाव्यात. एक प्राध्यापक किंवा एखादा निवृत्त बँक कर्मचारी हिशेब कसा ठेवायचा ते शिकवायला असावा. एक वर्षाने, काम संपल्यावर, काय टिकलं हे पाहायला कुणीतरी परत जावं. काम फसलं तर तसंच लिहावं आणि त्याबद्दल गुण कापू नयेत. खोटा हिशेब मात्र खपवून घेऊ नये. शेवटचा अहवाल प्राचार्यांच्या कपाटात जाण्याआधी ग्रामसभेत किंवा वस्तीच्या बैठकीत वाचला जावा.

नवं शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होतं. ज्यांच्या कॉलेजात माजी विद्यार्थी संघ आहे, त्यांनी त्याआधीच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा निधी घ्यावा, आणि ठराव मांडायला सध्या शिकत असलेल्या विद्यार्थ्यांनाच बोलवावं.